सध्या बाहेरगावी

कचेरीत फायली साचतात, कारण त्या कुणी मागत नाही. मित्रांत किस्से साचतात, कारण ते सगळेच मागतात. शिवाय किस्सा मागितला की लगेच सापडतो! माझ्याकडची सगळ्यांत जाड फाईल सुधाकरची. नगरच्या शाळेत तो माझ्या बाकावर होता. आता टोरांटोला जाहिराती लिहितो. मी निवृत्त झालो, तो नाही. तिकडे साठीनंतर डोकं चालत असेल तर कामावर ठेवतात म्हणे. आपल्याकडे साठीच्या आधीही ही अट नसते.

सुधाकरनं एकदा बाटलीबंद पाण्याची जाहिरात केली. पानभर निळा रंग आणि मध्ये चार शब्द. मोठं बक्षीस मिळालं. टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसानं परमुलखात पाणी विकावं, याचा आम्हाला खरंच अभिमान वाटला. आमच्याच बाकावरचा तिसरा, बाळू, नगरजवळच्या खेड्यात म्हशी राखतो. त्यानं जाहिरातीचा फोटो निरखून पाहिला.

"चार शब्द कशापायी? आमच्याकडं टँकरवाला नुसता हॉर्न वाजवतो. सारं गाव पळतं!"

सुधाकरनं हे आपल्या ऑफिसात सांगितलं. पुढची जाहिरात दोनच शब्दांत झाली म्हणे.

*

तो तिकडे रोज मराठी चॅनल लावतो. जाहिराती मन लावून बघतो. मध्ये मालिका लागली की चहा ठेवायला उठतो.

एकदा म्हणाला, "मला नगरच्या एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट रेकॉर्ड करून पाठव." मी मोबाईल वर धरून अर्धा तास उभा राहिलो. मध्येच एक बाई माझ्यावर खेकसल्या, "अहो, हात वर करून काय उभे? जामखेडची गाडी गेली का, ते सांगा!" तेही रेकॉर्ड झालं.

सुधाकर ते ऑफिसला जाताना ऐकू लागला. महिन्याभरानं त्याचा फोन आला. आवाज काळजीचा. "अरे, त्या बाईंना गाडी मिळाली का?"

*

मागच्या खेपेला आला तेव्हा चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर उभाच राहिला. लोक लेण्यांसमोर उभे राहतात तसा. "काय धाडस आहे! सतरा चेहरे, आठ रंग आणि बोटभर जागा मोकळी नाही! आम्ही सगळं आयुष्य मोकळी जागा सोडण्यात घालवलं."

मग खालच्या शुभेच्छुकांच्या पट्टीकडे बघत हळूच म्हणाला, "माझा चेहरा या पट्टीत कधीच लागला नाही रे. इथं राहणाऱ्यांचाच लागतो ना?"

मी विषय बदलला. कारकुनाला अवघड अर्ज बाजूला ठेवायची सवय असते.

*

यंदा बाळू दूध सोसायटीचा चेअरमन झाला. अभिनंदनाचा फ्लेक्स ठरला आणि सुधाकरनं लगेच फोटो पाठवला. काळा टी-शर्ट, काळी भिंत, अर्धा चेहरा अंधारात. नागापूरला फ्लेक्स छापणाऱ्या इम्रानचा मला फोन आला.

"काका, हे आजारी हायेत का?"

"नाही. मोठे कलावंत आहेत."

"मग दुसरा मागवा. गॉगल पायजे, मोबाईल कानाला पायजे."

तिकडे नामांकित फोटोग्राफरांची कामं परत पाठवणारा हा माणूस! निमूटपणे गॉगल घालून, फोन कानाला लावून गुडघाभर बर्फात उभा राहिला. इम्राननं तो फोटो पास केला.

*

आता नावाखाली काय लिहायचं? बाकीच्यांचं सोपं होतं : माजी सरपंच, युवा नेते, प्रगतशील शेतकरी. जगभरच्या साबणांना आणि बँकांना शब्द पुरवणारा सुधाकर दोन दिवस स्वतःसाठी शब्द शोधत होता. शेवटी म्हणाला, "तुम्हीच ठरवा. फक्त 'परदेशस्थ' लिहू नका."

इम्राननं बाळूला विचारलं, "ह्ये गावातलेच हायेत ना?"

"व्हय. जरा लांब ऱ्हातो."

मी मस्टर सांभाळलेला माणूस. रजेवर गेलेल्याचं नाव मस्टरमधून काढत नाहीत, हे मला पाठ. मी सांगितलं, "लिही : सध्या बाहेरगावी."

सुधाकरला तिकडे जाऊन तीस वर्षं झाली असतील. फ्लेक्सचा फोटो बघून त्यानं मला ती ओळ फोनवर दोनदा वाचून दाखवली. मग म्हणाला, "'सध्या' हा शब्द इतका चांगला वापरलेला मी कुठं पाहिला नाही."

आजवर माझ्या लिखाणाला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक!

*

फ्लेक्सचे दिवस भरले, तो चौकातून उतरला. परवा बाळूनं सुधाकरला गोठ्यातून व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल छताकडे धरला. पत्र्याखाली तोच फ्लेक्स ताणून बांधलेला, छापील बाजू खाली. म्हशीच्या बरोब्बर वर गॉगलवाला सुधाकर.

"गळतं का रे?" सुधाकरनं विचारलं.

"माज्या तोंडापाशी गळतं. तुज्याकडं ठणठणीत कोरडं हाय."

सुधाकरनं गळ्यातला मफलर उगाच नीट केला. "मग काढू नकोस बाळू. मी परत येईपर्यंत राहू दे."

"तू आल्यावर बी कशाला काढायचं?" बाळू म्हणाला. "म्हशीला आता वळख झालीया."