आगीनंतरचा पहिला वारा

आलियाला धुळीचं वेड आहे असं आख्खं अहमदपूर म्हणतं, आणि मीही म्हणते. बाकीच्या बायका वावटळ दिसली की खिडक्या लावून घेतात. ही चपला शोधायला लागते. आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी इथल्या कॉलेजात शिकवते, ती लातूरला संशोधन करते. माळावरचं गवत जळून जमीन उघडी पडली की वारा तिथली माती किती उचलून नेतो, हा तिचा विषय. "वाऱ्यानं धूळ उडते हे सांगायला डॉक्टर कशाला लागते गं?" असं मी तिला एकदा चिडवलं होतं. तिनं मला तासभर समजावलं. तेव्हापासून चिडवायच्या आधी मी घड्याळ बघते.

उडती माती पकडायला तिला डबे हवे होते. तिचे अब्बा, मकबूलचाचा, पत्र्याची कामं करतात. त्यांनी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून, वारा फिरेल तिकडं तोंड फिरवणारे डबे बनवून दिले. गज रोवून ते उभे केले तारामती मावशींच्या माळावर. मावशी एकट्या राहतात; दोन म्हशी, खाली थोडंसं वावर आणि वर हा गवताचा उतार. आम्ही विचारायला गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लाव की. पर माती वाचंल का त्यानं?"

"वाचेल, मावशी," आलिया बोलून गेली.

अडलं ते आगीपाशी. मुद्दाम पेटवायची परवानगी नव्हती आणि तिला ते पटतही नव्हतं. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत जाळायचं, ठिणगी उडायची, आजूबाजूचे माळ पेटायचे. मावशींचा तेवढा राहून जायचा. "आगीनंतरचा पहिला वारा सगळ्यात जास्त माती नेतो. तो एकदाच येतो, पुनम. तो सापडला पाहिजे," असं ती म्हणायची. असे तीन उन्हाळे गेले. प्रकल्पाची मुदत संपत आली होती.

यंदा मार्चमध्ये मावशींचा माळ पेटला. आलियानं लातूरहून मला फोन केला. "लागली! आपल्या उतारावर लागली!" ती आनंदानं ओरडतच होती. खरं सांगते, मला तिचा राग आला. मावशींना तिनं कळवलं की परवा सकाळी मोठ्या पाहुण्यांना घेऊन येते. डब्यांना हात लावू नका, हे सांगायचं त्या आनंदात राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोराचं वारं सुटलं, अगदी तिला हवं होतं तसं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती, मी आणि प्रकल्पाचे प्रमुख चन्नबसप्पा सर तिथं पोचलो. उतार काळाठिक्कर पडला होता आणि त्यावर नुसते गज उभे होते. डबे गोठ्यासमोर उन्हात पालथे घातले होते, घासूनपुसून लख्ख.

"पाव्हणे येनार म्हनलीस," मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या. "धुळीनं गच्च भरले होते. तसं कसं दावायचं मान्साला?"

आलियानं एक डबा उचलून आत बघितलं. "आतली माती कुठंय, मावशी?"

"टाकून दीन व्हय? आपलीच हाय. वावरात पसरली."

एकेका डब्यातली माती वेगवेगळी तोलायची होती. आता सगळी एक झाली होती, आणि पहिला वारा येऊन गेला होता. सर भले गृहस्थ, पण समजूत घालायला गेले आणि घोटाळा करून बसले. "मन लावून घेऊ नका. मी मुदत वाढवून घेतो. पुढच्या उन्हाळ्यात लागेल की पुन्हा आग इथं."

मावशी अर्धवट जळालेलं गवत म्हशींपुढं टाकत होत्या. त्यांचा हात थांबला. पावसाळ्यापर्यंत पुरणारं गवत त्या आगीत गेलं होतं, आणि आमच्यापैकी एकानंही त्याची साधी विचारपूस केली नव्हती.

"तू आगीची वाट बघून राहिली होतीस व्हय, पोरी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माती जाऊ न्हाई म्हनून लावलेस तू डबे."

आलियाला सारवासारव करता आली असती. बोलण्यात ती कुणाला हार जात नाही. पण ती म्हणाली, "हो, मावशी. बघत होते."

मला रडू आलं. कुणासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मावशींनी राहिलेलं गवत म्हशींना टाकलं. मग त्यांनी एक डबा उचलला, आतून पदरानं कोरडा केला आणि आलियाच्या हातात दिला.

"वारं आज बी सुटंल. लाव जा. आन् माती किती गेली ते आधी मला सांगायचं, मंग ह्या सायबाला."