ह्यांची बाजू

पद्मजाबाई सबनीसांचं माहेर करोल बागेत आणि सासरही तिथलंच. भाजीवाल्याशी उभा जन्म हिंदीत हुज्जत घातली, पण दिल्लीत वाढणाऱ्या पोरांना मराठी शिकवायची म्हणजे शिकवायचीच, हा त्यांचा हट्ट. ‘ओसरी’ म्हटलं की पोरं नुसती तोंडाकडे बघत. म्हणून यजमान शशिकांतराव असले अडणारे शब्द आपल्या आवाजात कॉम्प्युटरवर भरून ठेवत. गेल्या उन्हाळ्यात शब्द भरता भरताच त्यांच्या छातीत कळ आली. ‘येतो गं’ म्हणून हिंदूरावच्या इस्पितळात गेले, ते गेलेच. ‘जातो’ म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर शाल पडली. बाई मराठीचा ऑनलाइन क्लास आता फोनवरच घेत. पोरांची तोंडं तांदळाच्या दाण्याएवढी दिसत.

वरच्या मजल्यावरची भाडेकरीण रुचिरा पुण्याची, गुरुग्रामात नोकरीला. एका रविवारी दुपारी ती पेनड्राइव्ह घेऊनच खाली आली.

“काकू, किती डोळे फोडणार, यार! काकांचं विंडोज आहे तसं ठेवू. शेजारी तुमच्यासाठी लिनक्स ही दुसरी सिस्टिम घालू, ती हलकी असते. सुरू करताना मशीनच विचारेल, कुठं जायचं.”

“ह्यांचं काही पुसलं गेलं ना, तर तुझं वरचं पाणी बंद करीन.”

रुचिरा हसली. पण थोड्या वेळानं तिचे हात थांबले.

“जागाच देत नाहीये. म्हणतंय, शेजारचं बंद नाही, झोपलंय. काकांनी शटडाऊन केलंच नव्हतं, काकू. काम उघडं ठेवून नुसतं झोपवलं होतं.”

“ते कधीच बंद करत नसत. म्हणायचे, आलोच तर आहे मी.”

“मग जबरदस्ती केली तर उघडं होतं ते गेलं. नाहीतर उठवू, सेव्ह करू आणि नीट बंद करू.”

शशिकांतरावांनी उघडं ठेवलेलं असं एवढंच काय ते जगात उरलं होतं.

“उठव,” त्या म्हणाल्या.

पासवर्ड बाईंनीच घातला. पडदा उजळला. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पेटलेला, आणि त्याखालची हिरवी रेघ थरथरत होती.

“उघडलं का गं?” बाईंनी विचारलं, तशी रेघ उसळली.

“हो काकू... अहो, हे अजून भरतंय!”

रुचिरानं घाईनं ते थांबवलं, सेव्ह केलं आणि मग लावलं. खोलीत शशिकांतराव बोलू लागले.

“चाहूल. चाहूल म्हणजे...” खोकला. “पद्मा, अगं, जरा कसंतरीच होतंय. इस्पितळात दाखवतो. येतो गं, आलोच.” त्यांच्या वेताच्या खुर्चीची कुरकुर. आणि त्याला लागूनच, मधे श्वासाचीही फट न पडता, “उघडलं का गं?”

“हो काकू...”

त्या दोन शब्दांखाली पुन्हा वेत कुरकुरला. हळूच, सावकाश, कुणी टेकल्यासारखा.

रुचिरा पलंगाच्या कडेवर होती, बाई उभ्या. वेताची खुर्ची दिवाळीतच चौकीदाराला देऊन टाकलेली.

“काकू, ही कुठली खुर्ची?”

बाईंनी स्वतः शटडाऊनवर बोट ठेवलं. “या हं,” एवढंच पुटपुटल्या, आणि दाबलं.

आता सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, ह्यांचं विंडोज आणि बाईंचं लिनक्स. काही दाबलं नाही तर आपोआप ह्यांचं उघडतं. तसंच ठेव, असं बाईंनीच सांगितलं. क्लासच्या वेळी मात्र त्या न चुकता आपलं निवडतात. आपल्या बाजूला आपण एकट्याच, अशी त्यांची समजूत होती.

परवा शिकवताना पडद्यावरची छोटी देविका मधेच म्हणाली, “आजी, आपके पीछे कोई बैठा है क्या? खुर्चीचा आवाज येतोय.”

बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. पदर सारखा केला.

“लिहून घ्या रे,” त्या म्हणाल्या. “आजचा शब्द, चाहूल. चाहूल म्हणजे न पाहताही कळणं, की कुणीतरी आलंय.”