वजा पंचवीस टक्के

काल मुलीचं शेकडेवारीचं गणित तपासताना खोडरबराचा वास आला, आणि मी राजापूरजवळच्या आमच्या वाडीतल्या शाळेत जाऊन बसले.

मी सातवीत होते. लोकसंख्येतली वाढ शिकवायची म्हणून गुरुजींनी आम्हाला वाडीतली माणसं घरोघर मोजायला लावली होती. दहा वर्षांपूर्वीच्या यादीत दोनशे होती, आम्हाला दीडशेच सापडली. कितीतरी दारांना कुलपं होती. मी फरक काढला, जुन्या आकड्याने भागला, शंभराने गुणला. उत्तर आलं वजा पंचवीस. वाढ वजा कशी असेल? मी घाबरून ते खोडायला लागले.

"पुसू नको गो," गुरुजी म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

मुलं हसली. गुरुजी मात्र माझ्याकडे बघतच राहिले. बाहेरून काजूच्या मोहोराचा उग्र वास येत होता.

घरी आईला उत्तर सांगितलं. भाकरी थापता थापताच ती म्हणाली, "मे महिन्यात आपणपण मुंबईला जातोय. बाबांनी खोली बघितलीय."

मला तेव्हा आनंदच झाला. बाबा माझा दाखला मागायला आदल्याच दिवशी गुरुजींकडे जाऊन आले होते, हे मला फार उशिरा कळलं.