बुधवारी टाकलेला मेसेज

सीमाभागातल्या आमच्या कॉलेजात नोटिसा कन्नडमध्ये लागायच्या आणि त्या मराठीत करून सांगायचं काम माझ्याकडे होतं. कुणी दिलेलं नव्हतं, मीच ओढवून घेतलेलं. मी हुमनाबादची, घराच्या दोन्ही बाजूंना कन्नड बोलणारे शेजारी, त्यामुळे ती भाषा मला लिहाय-वाचायलाही चांगली यायची. हुलसूरकडच्या खेड्यांतून बसनं येणाऱ्या मुली मराठी शाळेत शिकलेल्या. बाजारात त्या कन्नड बोलायच्या, पण बोर्डावरची हातानं लिहिलेली नोटीस दिसली की न बघता पुढं निघून जायच्या. मग मी बोर्डापुढं उभी राहून मोबाईलवर मराठीत मेसेज बोलायची आणि ज्या मुलीचं काम असेल तिला टाकायची. हॉल तिकीट कधी मिळणार, असाइनमेंटची शेवटची तारीख कोणती. आवाज जरा जाड करून, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. मुली माझ्यावाचून अडतात याची मला चटकच लागली होती.

त्यातली एक माझी खास मैत्रीण. तिच्याकडे मोबाईल नव्हता. तिचे मेसेज तिच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या मोबाईलवर जायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ती ते ऐकायची. तिचा कन्नडचा एक पेपर राहिला होता. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. तो पेपर सुटला नाही तर पदवी हातात येणार नव्हती, आणि पदवीशिवाय बी.एड.ला प्रवेश नव्हता. तिला शिक्षिका व्हायचं होतं. तिचे काका एकामागून एक स्थळं आणत होते, पण पोरगी बी.एड. झाल्याशिवाय लग्नाचा विषय काढायचा नाही, असं अप्पांनी घरात सांगून टाकलेलं. म्हणजे सगळं त्या एका पेपरच्या फॉर्मवर येऊन थांबलेलं. मला हे तिच्याइतकंच ठाऊक होतं.

फेब्रुवारीत गॅदरिंग आलं. सूत्रसंचालन मलाच मिळणार हे मी धरून चालले होते. दोन्ही भाषा येणारी दुसरी होती कोण? आईची अबोली साडी इस्त्री करून ठेवली होती. पण गॅदरिंग बघणाऱ्या मॅडमनी कन्नडसाठी दुसऱ्या वर्गातला एक मुलगा घेतला आणि मराठीसाठी माझी ही मैत्रीण. म्हणाल्या, "तिच्या आवाजात ओलावा आहे. तू जरा नोटीस वाचल्यासारखं बोलतेस." सगळ्यांसमोर म्हणाल्या. मुली हसल्या. तीही हसली. नंतर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "कामून तोंड पाडून बसलीस? तू म्हणलीस तर मी न्हाई म्हणून सांगते." मी म्हटलं, "मला काय करायचंय, कर की." आणि घरी जाऊन साडी आईच्या कपाटात परत ठेवून दिली.

मॅडमचं हे बोलणं शनिवारी झालं. सोमवारी नोटीस लागली. राहिलेल्या पेपरांचे फॉर्म, शेवटची तारीख गुरुवार. गॅदरिंगही गुरुवारीच. मी मोबाईल काढला, बटणावर बोटही ठेवलं. मग मनात आलं, बघू दे की जरा स्वतः. आवाजात एवढा ओलावा आहे तर वाच म्हणावं बोर्ड. मोबाईल परत पर्समध्ये टाकला.

मंगळवारी तालमीच्या मधल्या सुट्टीत तिनंच विचारलं, "फॉर्मची नोटीस लागली का गं?"

"अजून न्हाई. लागली की टाकते," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. बुधवारी नक्की सांगायचं असं ठरवून गेले होते. बुधवारी मागच्या खुर्चीत बसून तिचा सराव ऐकला. ती खरोखरच चांगली बोलत होती. ऐकून तशीच घरी गेले.

विसरले, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. तिचं वर्ष जावं असं मला वाटत नव्हतं हेही खरं आहे, पण त्यानं काही फरक पडत नाही. आमच्याकडे कुठल्याही फॉर्मची तारीख वाढतेच. दरवर्षी वाढायची, दंड घेऊन आणखी आठवडाभर फॉर्म घ्यायचे. तिची थोडी धांदल उडावी, 'काहीतरी कर गं' म्हणत तिनं माझ्यामागं फिरावं, मग मी क्लार्कशी कन्नडमध्ये बोलून तिचं काम करून द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं. गुरुवारी ती स्टेजवर टाळ्या घेत होती तेव्हा ऑफिसची खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता. मी घड्याळ बघितलं होतं.

त्या वर्षी तारीख वाढली नाही.

शनिवारी तिला क्लार्ककडून कळलं. ती थेट माझ्याकडे आली. "नोटीस कधी लागली हुती?" एवढंच विचारलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड वर करून म्हणाले, "बुधवारी टाकला होता की मी मेसेज. ऐकला न्हाईस का?"

बघू तुझा मोबाईल, असं ती म्हणाली नाही. तिच्या मनातही आलं नसावं. कपाळाला हात लावून खाली बसली. "अप्पानं पुसला असंल," म्हणाली. "मोबाईल भरला की दिसंल ते पुसतेत."

सोमवारी अप्पा आले. खांद्यावर टॉवेल, हातात तो मोबाईल. क्लार्कच्या खिडकीशी उभं राहून, "ओंद सल नोडरी सर," एकदा बघा सर, म्हणत तासभर विनवत होते. मी बाजूला उभी राहून त्यांचं म्हणणं चांगल्या कन्नडमध्ये सांगत होते. मदत करत होते. शेवटी क्लार्कनं कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवून दाखवला, सगळं बंद झालेलं. बाहेर आल्यावर अप्पांनी माझ्यापुढं हात जोडले. "पोरी, तू सांगितलं हुतंस. माझ्याच हातानं गेलं बघ. रोज सकाळी लोक फुलांचे फोटो पाठवतेत, मी सगळंच पुसून टाकतो. तू आमच्या पोरीवर रागावू नको."

मी म्हटलं, "होतं असं, अप्पा." या वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी मेसेज न टाकल्याचीही वाटत नाही.

काकांना आयतं निमित्त मिळालं आणि अप्पांची बोलती बंद झाली. मे महिन्यात तिचं लग्न लागलं. मी गेले होते, पंगतीत वाढायलासुद्धा उभी राहिले. पुढं मी बी.एड. केलं आणि आता कडगंचीच्या बाजूला एका शाळेत शिकवते. खोटं बोलताना एखादा विद्यार्थी सापडला तर मी फारसं रागावत नाही. शाळेत सगळ्यांना वाटतं, बाई मवाळ आहेत.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेल्याचं कळलं. मी भेटायला गेले. ती माहेरी आलेली होती. रडून झालं होतं. पडवीत भिंतीला टेकून ती एकेक सांगत होती. शेवटी शेवटी अप्पांना माणसं ओळखू यायची नाहीत. "पण मोबाईल जवळ नेला की हात मागं घ्यायचे बघ. म्हणायचे, न्या तिकडं, माझ्या हातानं पोरीचं वरीस गेलंय."

सांगायचं ठरवून मी गेले नव्हते. पण ते ऐकून बसवेना, आणि मी सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या ते, साडी, सोमवारचा बोर्ड, मंगळवारचं खोटं, गुरुवारचं घड्याळ. तिनं ओरडावं, मला घराबाहेर काढावं, असं मला मनापासून वाटत होतं.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझं जाऊ दे. दोन लेकरं हायत, माझं चाललंय. अप्पाला कामून न्हाई सांगितलंस? नऊ वरसं हुते की ते."

आत कपांचा आवाज झाला, तशी ती पटकन माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आईला सांगू नको. ह्या एका गोष्टीवरनं ती अप्पाला लई बोललीय. जेवायला बसलं की तेच, उठलं की तेच. आता तिला कळलं तर तिनं माफी कुणाला मागावी?"

आई चहा घेऊन बाहेर आली. माझ्या हातात कप देऊन समोर बसली, पदरानं तोंड पुसलं. "तू तरी येळेवर सांगितलं हुतंस, बाई," म्हणाली. "तुला बोल लावायला जागा न्हाई."

मैत्रीण खाली बघत होती. मी मान हलवली आणि चहा पिऊन टाकला.