माझ्यामागे बसून बटणं कोणी सांगितली?

भुतांच्या गोष्टी आमच्या मुरबे गावात टोपलीने मिळतील. कोणाला खाडीवर दिवा दिसलेला असतो, कोणाला सुरूच्या बनात बाई. मी ऐकून घ्यायची आणि मासळी निवडत बसायची. ज्याला काम असतं त्याला भूत दिसत नाही, असं माझं मत होतं. पण माझ्याबाबतीत जे झालं ते मी काम करत असतानाच झालं... म्हणून लिहिते आहे.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायची सवय नाही, म्हणून नाव देत नाही. घरात हे कोणाला दाखवलेलं नाही. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी मोबाईलवर वाचते, तुम्हीही माझा वाचा.

माझी मुलगी प्रणिता बोईसरला एका लहानशा ऑफिसात आहे. तारापूरकडच्या कारखान्यांचे कॉम्प्युटर ते लोक सांभाळतात. नोकरी नवी होती, तिला कायम केलेलं नव्हतं. त्यातच घरी येताना तिची स्कूटी घसरली. उजवा हात मनगटात मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर. डाव्या हाताच्या दोन बोटांना टाके. रजा मागितली तर आपल्या जागी दुसरी मुलगी येईल, ही तिला भीती. तिने ऑफिसात सांगितलं, घरून काम करते, डाव्या हाताने जमतंय.

जमत काहीच नव्हतं. टाके ओढले जायचे. पहिल्याच दिवशी ती लॅपटॉपसमोर रडायला लागली. तिचे बाबा बोटीवर गेलेले, घरात मीच. मला म्हणाली, "आई, तू बस. मी सांगते ते बटन दाब."

मी म्हटलं, मला एबीसीडी धड येत नाही.

"बटनावर काडलेली हाय ना? बग नि दाब."

असं ते सुरू झालं. मी हात लिंबाने घासून धुवायची, नाहीतर बटणांना बोंबलाचा वास येतो म्हणून ती ओरडायची. मी खाली चटईवर पाटावर लॅपटॉप घेऊन, ती माझ्यामागे खाटेवर. ती सांगणार, मी दाबणार. बरोबर दाबलं की ती प्लास्टर खाटेच्या कडेवर हळूच आपटायची... टक. त्या टकवर मी पुढे जायची. मान वर करायची सोयच नव्हती. नजर हलली की अक्षर हरवायचं.

तिचं काम काळ्या पडद्यावर. तिथे माउस चालत नाही, सगळं बटणांवर. आणि गोंधळ असा, की तेच बटण कधी अक्षर उमटवतं, कधी हुकूम होतं. मला ते डोक्यात शिरेना. मग मी माझ्यापुरतं बसवलं — बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, बोलला की तो हुकूम, तोच माणूस किनाऱ्यावर आला की नुसत्या गप्पा. एस्केप दाबलं की आपण बोटीवर. आय दाबला की किनाऱ्यावर, आता काय लिहायचं ते लिहा. प्रणिता पोट धरून हसली, पण म्हणाली, अगदी बरोबर हाय.

तिने मला थोडंच शिकवलं होतं. जे आणि के ने खाली-वर जायचं. एक्सने एकेक अक्षर पुसायचं. शेवटी एस्केप, शिफ्ट धरून दोन टिंबांचं बटण, डब्ल्यू, क्यू, एंटर. म्हणजे बदल ठेवून फाईलीतून बाहेर. एवढंच. हे लक्षात राहू द्या.

ज्या दिवसाचं सांगते, त्या दिवशी प्लास्टर काढायला तिला पालघरला बोलावलं होतं. माझे धाकटे दीर तिला घेऊन सकाळीच गेले. एक फाईल तिने अर्धवट करून उघडी ठेवली होती. आल्यावर पुरी करू, हात लावू नको म्हणाली.

जेवणाची भांडी आवरत होते तेवढ्यात माझ्या मोबाईलवर तिच्या साहेबांचा फोन आला. प्रणिता तिचा उचलत नव्हती. साहेब रस्त्यात होते, घाईत होते. त्यांना वाटलं ती घरातच आहे. म्हणाले, तिला सांगा, ती फाईल तिच्याकडे उघडी असल्यामुळे दुसऱ्या कोणाला बदलता येत नाहीये. जुना आकडा जिथे जिथे आहे तिथे नवा टाकायला सांगा, आत्ताच. कारखान्याच्या गेटवर पास निघत नाहीयेत, दुसऱ्या पाळीची माणसं उन्हात उभी आहेत. दोन्ही आकडे सांगितले. मी ते तळहातावर पेनाने लिहिले. मग म्हणाले, "आज हे झालं नाही, तर मला तिच्यासाठी वर बोलता येणार नाही."

मी फक्त हां म्हटलं. ती घरात नाही, हेसुद्धा तोंडातून निघालं नाही. मग तिला फोन केला, उचलला नाही. दिरांना केला, वाजून वाजून बंद पडला. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. मी हात धुतले आणि पाटासमोर बसले.

पडदा समोर होता. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत तो जुना आकडा सरळ रेषेत. एका ओळीवर एक्स दाबला तर भलतंच अक्षर गेलं. देवाचं नावसुद्धा आठवेना.

तेव्हा मागून हाक आली. "आई."

मी "ओ" म्हटलं.

"आदी एस्केप दाब. मंग यू."

दाबलं. गेलेलं अक्षर परत आलं. मागे टक झालं.

मला इतकं हायसं वाटलं... आली पोरगी, एवढंच मनात आलं. मागे वळून बघितलं नाही. सवयच नव्हती.

"आकड्यावर ये. सी दाब, मंग आय, मंग डब्ल्यू." जुना आकडा गेला. "नवा लिव. एस्केप." टक. "आता जे ने खाली ये. टिंब दाब."

मी टिंब दाबलं. पुढच्या ओळीतला आकडा आपोआप बदलला. मी काहीच लिहिलं नव्हतं! परत खाली, परत टिंब. शेवटपर्यंत तसंच. मग ठेवून बाहेर आले. शेवटची टक ऐकली.

मी म्हटलं, "बाई गं, जेवलीस का?" आणि वळले.

खाट रिकामी होती.

मला वाटलं परसात गेली. तर मागच्या दाराला आतून कडी. पुढच्या दारालाही कडी, मीच लावलेली, मांजर सुकटीत तोंड घालतं म्हणून. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळाने फोन वाजला. प्रणिता पालघरहून बोलत होती. आत्ताच प्लास्टर कापलं, फोन काकांच्या पिशवीत राहिलेला, सरांचे इतके मिस कॉल का आलेत, काय झालं, आई बोल ना... मी म्हटलं, आधी घरी ये.

संध्याकाळी ती आली. साहेबांनी तिला शाबास म्हटलं होतं, त्यामुळे तिला काही उमगेना. मी साहेबांच्या फोनचं आणि मागून आलेल्या आवाजाचं सांगितलं. तिने समजूत काढली — इतके दिवस माझाच आवाज ऐकलास, कानात बसलाय, तूच तुझ्या मनाने केलंस. मलाही ते पटलं. खरंच पटलं. मग तिने विचारलं, एवढ्या ओळी एक्सने पुसायला किती वेळ लागला गं?

मी म्हटलं, एक्स कुठे, तू टिंब सांगितलंस ना.

ती म्हणाली, कसलं टिंब?

मी करून दाखवलं. सी, आय, डब्ल्यू, आकडा, एस्केप, खाली, टिंब. तिला ते माहीत नव्हतं. मोबाईलवर शोधलं तर तिथे तसंच दिलेलं, की टिंबाने आधीचा बदल परत होतो. मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "आई, हे मलाच येत नाय. मंग तुला कोनी सांगितलं?"

शेजारी माझी जाऊ सुमन राहते. मला राहवलं नाही म्हणून तिला सांगितलं. तिने बाकी काही विचारलं नाही. "हाक एकदाच आली का दोनदा?"

"एकदाच."

"आनि तू ओ दिलीस?"

आमच्याकडे माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं. मला लहानपणापासून माहीत आहे. पण इतके दिवस मागून आवाज आला की बटण दाबायचं, हीच सवय लागलेली. सुमनने प्रणिताची आणि माझी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. काढता काढता म्हणाली, "शिकलेलं भूत पयल्यांदाच ऐकलं बाय. आमच्या घरचं तर आमटीत मीठबी सांगत नाय." प्रणिता हसली. मीही हसले, पण रात्रभर दिवा ठेवला.

वाईट काही झालं नाही, हे सांगायला हवं. कोणी आजारी पडलं नाही. आवाज परत आला नाही. मी दोन-तीनदा मुद्दाम पाटासमोर एकटी बसून पाहिलं, नुसता पंख्याचा आवाज. घाबरावं की हात जोडावेत, मला ठरवता येत नाही. ज्याने सांगितलं त्याने माझ्या मुलीच्या आवाजात का सांगितलं? आणि तिलाच येत नव्हतं ते तिच्या आवाजाला कसं येत होतं? तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा. मला तरी उलगडा झालेला नाही.

प्रणिताला पुढे कायम केलं. आता तिचा हात बरा आहे, ते टिंब ती भराभर वापरते. ऑफिसात कोणी विचारलं हे कुठे शिकलीस, तर म्हणते, आईने शिकवलं. ते हसतात, त्यांना थट्टा वाटते. घरी येऊन ती हे मला सांगते, आणि सांगून झालं की माझ्याकडे बघत राहते.

मी नजर चुकवते. तिला काही सांगायचं, तर मला तरी कुठे माहीत आहे.