गॅलरीत मोजलेल्या लहरी

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला तेव्हा मला पाचवा महिना होता. सासूबाईंनी त्याच दिवशी फर्मान काढलं, "गॅलरीत पाय ठेवचो नाय. पोराक बाधात ता." त्या मूळच्या मालवणच्या, काळजी वाटली की थेट मालवणीत शिरतात. गॅलरीचं दार बंद झालं. बोरिवलीतला मे महिना, आणि आमच्या घरात वारा येतो तो तिथूनच!

"आई, काही होत नाही गं," नवरा म्हणायचा. पण ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं? डॉक्टरही म्हणाल्या, घाबरू नका. मला मात्र कुणीतरी मोजून सांगायला हवं होतं. शोधताना कळलं की टॉवरमधून निघणाऱ्या लहरींना सरकारने मर्यादा आखून दिली आहे, आणि अर्ज केला तर घरी येऊन मोजतात. मी लगेच अर्ज केला.

दोन आठवड्यांनी एक इंजिनिअर मुलगी आली. आधी तिने आमचे सगळे फोन बंद करायला लावले. मग गॅलरीत स्टँडवर मीटर लावून शांतपणे उभी राहिली.

"किती?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

"मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, आजी."

"मशीन नीट चलता मां?"

मुलगी हसली. "तुमचा फोन चालू करा, इथे जवळ धरून कुणाला तरी लावा."

सासूबाईंनी गावी बहिणीला फोन लावला. मीटरवरचा आकडा टुणकन वर गेला!

"म्हणजे माझोच फोन?" त्यांनी तो हातभर लांब धरला.

"फोनलाही मर्यादा असते, तीही पाळलेली असते. फार बोलत असाल तर स्पीकरवर बोला."

"गो, थंय काय चल्लाहा?" फोनमधून बहीण ओरडली. आम्ही तिघीही हसत सुटलो.

ती गेल्यावर सासूबाईंनी स्वतः माझी खुर्ची गॅलरीत टाकली, कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून आणल्या आणि शेजारी बसल्या.

"तू पण घाबरललंस मां?"

"हो," मी म्हटलं. इतके दिवस हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. वारा मस्त सुटला होता.