मोरीचं नवं नाव

ऐका गं बायांनो! आज आमच्या घाटकोपरच्या चाळीत नव्या इमारतीचा नकाशा दाखवायला आर्किटेक्ट पोरगी आली. दोन टॉवरांमध्ये अडकलेली आमची चिंचोळी जागा, त्यात सगळ्यांची घरं बसवायची.

मी विचारलं, "मोरी कुठाय गं? मासे धुवायला जागा नसेल तर माझी सही विसर."

"आजी, मोरी नाही. ड्राय बाल्कनी आहे."

ड्राय म्हणजे सुकं, एवढं मलाही कळतं. म्हटलं, "झकास! बोंबील वाळत घालीन. पण ताजे धुवू कुठे?"

"तिथेच. नळ आहे ना, भांडीपण तिथेच घासायची."

"अगं बये, मग मोरीच की ती!"

दिली सही.

आता तुम्हीच सांगा, दिवसभर पाणी सांडणार ती जागा ड्राय, तर आमच्या चाळीतल्या कोरड्या नळाला काय म्हणायचं?